मशीनला भूक लागते तेव्हा

१

त्या दुपारी आमच्या घरातून एक अख्खी नदी नाहीशी झाली.

उगमापासून ती व्यवस्थित निघाली होती. डोंगर उतरली, दोन उपनद्या पोटात घेतल्या, धरणात थोडी विसावली आणि समुद्र बोटभर अंतरावर असताना गेली. पडदा काळा झाला, आतल्या पंख्याची घरघर थांबली आणि खोलीत फक्त माझ्या बायकोचा श्वास ऐकू येऊ लागला. तो श्वास मी ओळखतो. अशा वेळी नवऱ्याने दुसऱ्या खोलीत असावं.

माझी बायको शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकांसाठी नकाशे काढते. आधी प्रकाशकांच्या कचेरीत बसून काढायची, दोन महिन्यांपासून घरी बसून काढते. नकाशाची फाइल इतकी जड असते की ती साठवायला लावली तर तेवढ्यात चहा पिऊन व्हावा. म्हणून ती बरंच काम उरकून मग साठवते. आणि आमचा कॉम्प्युटर मान टाकतो तो नेमका त्याच्या आधी. दोन महिन्यांत किती डोंगर, किती सरहद्दी आणि किती रेल्वेमार्ग असे वाऱ्यावर गेले, त्याचा हिशोब तिने ठेवणं सोडून दिलं होतं.

"मेहनतीवर पाणी फिरलं म्हणतात," ती काळ्या पडद्याकडे बघत म्हणाली, "इथं तर पाणीच पळालं."

मी हसलो. हसायला नको होतं.

"संपादकबाईंचा सकाळी फोन होता," ती म्हणाली. "अजिबात रागावल्या नाहीत. इतक्या गोड बोलल्या की मी काय ते समजले. शुक्रवारी नकाशे गेले नाहीत तर पुढचं पुस्तक दुसऱ्याकडे जाणार. आणि एकदा गेलं की गेलं."

"दुरुस्तीवाल्याला पुन्हा बोलावतो."

"नको. शुक्रवार होऊ दे कसाबसा. मग आपण वेगळं बिऱ्हाड करू."

"अगं, कॉम्प्युटर बिघडला म्हणून कुणी घर सोडतं का? आणि नानांना एकटं टाकून?"

तिने उठून दाराची कडी नीट लागली आहे ना ते पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"कॉम्प्युटर बिघडलेला नाहीये. त्याला कुणीतरी बंद करतंय."

२

घरात माणसं तीन. मी, ती आणि माझे वडील, म्हणजे नाना. मी शाळेत भाषा शिकवतो. त्यामुळे यंत्र बिघडलं की मी फक्त विशेषणं पुरवू शकतो. शाळेला सुट्टी असल्याने तेवढं काम मी मन लावून करत होतो.

ज्या खोलीत कॉम्प्युटर होता ती आईची खोली. आई कपडे शिवायची. विजेवरचं मशीन, त्याला इवलासा दिवा, भिंतीवर कात्र्या आणि खुर्चीखाली कायम रंगीत दोऱ्यांचा गुंता. एकदा शिवायला बसली की तिला जग दिसायचं नाही. रविवारी आम्ही पोरं जेवायच्या वेळी घरात घुटमळत असू. खोलीतली घरघर मध्येच थांबे आणि आई दार उघडून बाहेर येई. "चला, मशीनला भूक लागली," असं म्हणे. आम्हाला ते अगदी खरं वाटायचं. मशीनला भूक लागते आणि ते आईला उठवतं, यात आम्हाला काही विशेष वाटत नसे.

आईला जाऊन आता तीन वर्षं होतील. मशीन मागच्या गॅलरीत चादर पांघरून बसलंय. खोली रिकामी होती, उजेड चांगला होता, म्हणून बायकोनं घरून काम सुरू करताना कॉम्प्युटर आमच्या झोपायच्या खोलीतून तिथं हलवला. आईच्या वस्तूंपैकी एकच वस्तू तिथं उरली होती, ती म्हणजे मावशीचं घड्याळ.

हे घड्याळ म्हणजे आमच्या घरातला जुना विनोद. लाल आकडे चमकणारं, विजेवर चालणारं, डबीएवढं. मावशीनं म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीनं ते आपल्या पहिल्या पगारातून घेऊन दिलं होतं आणि त्यानं जन्मात कधी बरोबर वेळ दाखवली नाही. आम्ही शाळेतून येऊन बघावं तर ते तास-दीड तास मागंच. उशिरा येणाऱ्या माणसाला आमच्या घरात "मावशीच्या घड्याळावर चालतो" असं म्हणतात. मावशी दर वेळी तावातावानं सांगायची, की घड्याळ चांगलं आहे, तुमच्या घरात काहीतरी खोट आहे. आई गालातल्या गालात हसायची आणि घड्याळाला हातही लावायची नाही.

आता नाना. नाना आयुष्यभर एका नाट्यगृहात दिवे सांभाळत होते. रंगमंचावरचे, प्रेक्षागृहातले, बाहेरच्या व्हरांड्यातले. माणूस अत्यंत शांत. ओरडणं त्यांना ठाऊकच नाही. लांबून कुणाला हाक मारणं हा त्यांना गावंढळपणा वाटतो. निवृत्त झाल्यावर त्यांनी दुपारचा स्वयंपाक आपल्याकडे घेतला आणि तो आजतागायत सोडलेला नाही. आई गेल्यापासून त्या खोलीत मात्र त्यांनी पाऊल टाकलेलं नाही. कॉम्प्युटर मांडला त्या दिवशी ते उंबऱ्याशी आले, आत न बघताच "त्याला नवा बोर्ड बसवून घ्या" एवढं म्हणाले आणि निघून गेले. आम्हाला वाटलं, नाराजी दुसरी कशी दाखवणार? आम्ही भिंतीतल्या जुन्याच बोर्डात पिना खुपसल्या.

"तुझा संशय नानांवर आहे?" मी बायकोला विचारलं.

"मला तसं म्हणायला आवडत नाही. पण दोन महिन्यांत त्यांनी मला एकदा तरी हाक मारली का? या खोलीच्या दाराशी तरी आले का? आईंच्या जागी मी बसते, ते त्यांना सहन होत नाही."

"पण तू आतून कडी लावून बसतेस. ते बंद करणार कसे?"

"कसे ते मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण कॉम्प्युटर गेला की मी चिडून बाहेर येते. आणि दर वेळी, दर वेळी, नाना माझ्याकडे बघून हसतात."

३

मी मावशीला फोन केला.

मावशी टेलिफोनच्या तक्रार विभागात नोकरीला होती. साऱ्या शहराचे बिघडलेले फोन तिच्या कानाशी येऊन कण्हायचे. तिनं एकही यंत्र उघडून पाहिलं नाही, पण नुसते प्रश्न विचारून बिघाड कुठं आहे ते सांगायची. तार तुटली आहे, की उंदरानं कुरतडली आहे, की घरातल्या पोरानं रिसीव्हर उशीखाली दडवला आहे. हाताखालचे लोक तिला वचकून असत. विनय वगैरे गोष्टींना तिनं कधी जवळ केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन हजर. दारातच पहिला प्रश्न, "माझं घड्याळ फेकलं नाहीत ना?"

"आहे. एक तास मागे आहे."

"म्हणजे अजून तुमच्या घरातली खोट गेलेली नाही," ती म्हणाली आणि थेट आईच्या खोलीत शिरली. खुर्चीवर बसण्याआधी तिनं टेबलाच्या कडेवरून एकदा हात फिरवला. मग पदर खोचला. "बोल सूनबाई. पहिल्यापासून सांग. यंत्राचं नको सांगूस. तू काय करत होतीस ते सांग."

बायकोनं सांगितलं. बंद पडण्याआधी काही सूचना येत नाही. पडदा गोठत नाही, आवाज येत नाही. चालू, आणि पुढच्या क्षणी बंद. बटण दाबलं की लगेच पुन्हा सुरू होतो आणि 'मागच्या वेळी नीट बंद केला नाहीत' म्हणून उलट आपल्यालाच दटावतो.

"हात लावला तर गरम लागतो?"

"नाही."

"खाली पाय कशावर ठेवतेस?"

टेबलाखाली यूपीएस होता. वीज गेली तर कॉम्प्युटरला थोडा वेळ तग धरायला देणारी बॅटरीची पेटी. तिची बॅटरी केव्हाच मेली होती. नवी आणायचं आज-उद्यावर राहिलं होतं आणि सध्या ती पेटी पाय ठेवायच्या कामी येत होती.

"छान," मावशी म्हणाली. "बंद पडतो तेव्हा घरातली वीज जाते का?"

"नाही ना! डोक्यावरचा पंखा फिरत असतो. स्वयंपाकघरातला दिवा चालू असतो."

"वेळ ठरलेली?"

"तीच तर नाही. कधी साडेबारा, कधी एक, एकदा तर पावणेदोन. कधी दिवसभर काहीच होत नाही."

"बंद पडल्यावर तू काय करतेस?"

"डोकं धरून बाहेर जाते."

"आणि बाहेर काय चाललेलं असतं?"

"काय चालणार? नाना पानं वाढत असतात. मला घास उतरत नाही, पण बसते."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. "बाळ्या, भाऊजींशी बोललास का रे यातलं काही?"

"कसं बोलणार? संशय घेतल्यासारखं होईल. आम्ही त्यांच्यासमोर विषयच काढत नाही."

"म्हणजे कॉम्प्युटर बंद पडतो, हे त्यांना माहीतच नाही?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. खरंच, आम्ही त्यांना काही सांगितलेलंच नव्हतं. मावशीनं कपाळाला हात लावला. नंतर मात्र तिनं जे विचारलं, ते ऐकून माझी खात्री झाली की वयानं तिला गाठलंय.

"बरं, हा दुरुस्तीवाला आला होता तेव्हा त्याला जेवायला काय घातलंत?"

४

दुरुस्तीवाल्याची उलटतपासणी तिनं फोनवरच घेतली. फोन कानाला लावताच तिचा चेहरा वीस वर्षांनी तरुण झाला.

"हं, बोला. काय काय केलंत?"

त्यानं पाढा वाचला. धूळ उडवली. प्रोसेसरवरचा पंखा नवा घातला, कारण यंत्र तापलं की स्वतःला वाचवायला बंद होतं. वीज पुरवणारा डबा बदलला. मेमरीच्या पट्ट्या खोडरबरानं घासून पुन्हा बसवल्या. व्हायरस शोधला. काही सापडलं नाही.

"मग दुकानात नेऊन ठेवलात?"

"हो बाई. आठवडाभर रात्रंदिवस चालू ठेवला. एकदाही बंद पडला नाही. घरी नेला की दुसऱ्याच दिवशी यांचा फोन. मला वाटलं, घराच्या वायरिंगमध्ये काही असेल. म्हणून एक दिवस तिथंच येऊन बसलो, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. डोळ्यांत तेल घालून बघत होतो. काही नाही! ताई म्हणाल्या, तुम्ही असलात की शहाण्यासारखा वागतो."

"जेवलात कुठं त्या दिवशी?"

तो सावधपणे म्हणाला, "तिथंच. त्यांनी बाहेरून डबा मागवला होता. का हो? काही चुकलं का?"

"डबा का मागवला?" मावशीनं फोन बाजूला धरून आम्हाला विचारलं.

"त्या दिवशी नाना घरी नव्हते," बायको म्हणाली. "त्यांच्या नाट्यगृहातल्या जुन्या मंडळींची भेट होती. दिवसभर तिकडेच होते."

बोलता बोलता तिचा चेहरा बदलला. माझाही बदलला असावा. नाना घरी नव्हते, आणि कॉम्प्युटर दिवसभर ठणठणीत होता.

मावशीनं फोन ठेवला. "आता नाव घेऊ नका कुणाचं," ती म्हणाली. "संशय घेणं सोपं असतं. तो परत घ्यायला फार जड जातो. उद्या तू नेहमीसारखी कामाला बस. मी इथं खुर्ची टाकून बसते."

त्या रात्री जेवताना मी नानांकडे चोरून बघत होतो. ते मावशीच्या पानात भाजी वाढत होते. "धाकटे, तुला आवडते ना कडक भाजलेली?" असं विचारत होते. या माणसानं सुनेचं काम मुद्दाम उधळून लावलं असेल, हा विचार मनात आला आणि मला माझीच शरम वाटली. पण शंकेची पाल चुकचुकायची काही थांबेना.

५

शुक्रवारच्या आदल्या दिवसाची सकाळ. मावशीनं आधी आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी ताडून लाल आकड्यांचं घड्याळ बरोबर लावलं. मग कोपऱ्यात खुर्ची टाकून विणकाम काढलं. बायकोनं आतून कडी घातली. मी खिडकीत उभा होतो. तिघांशिवाय खोलीत कुणी नव्हतं, आणि टेबलाखालीही मी पाहून घेतलं होतं.

ती हरवलेली नदी पुन्हा काढत होती. डोंगरावरून उतरत नदी धरणापाशी आली. स्वयंपाकघरातून फोडणीचा वास आला. भांडी वाजली. नाना आपल्याशीच काही गुणगुणत होते. लहानपणच्या रविवारांचा तो आवाज इतक्या वर्षांनी तसाच होता, फक्त त्यात मशीनची घरघर नव्हती. मी खिडकीच्या चौकटीला टेकून ऐकत राहिलो आणि कशासाठी उभा आहे ते क्षणभर विसरलो.

पडदा काळा झाला.

"गेला!" बायको ओरडली. "बघा, बघा मावशी! कुणी हात तरी लावला का?"

मी वर पाहिलं, पंखा फिरत होता. दाराची कडी जागच्या जागी होती. भिंतीतल्या बोर्डावरचं बटण चालूच होतं.

मावशी कॉम्प्युटरकडे बघतच नव्हती. विणकाम मांडीवर टाकून ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

"मावशी, घड्याळ काय बघताय? नदी गेली माझी!"

"नदी येईल गं," मावशी म्हणाली. "सगळ्यांनी मिळून मला आयुष्यभर चिडवलं. माझं घड्याळ बरोबर होतं."

घड्याळात लाल आकड्यांनी बारा वाजले होते. मावशीच्या मनगटावर एक वाजून गेला होता.

६

"चला जेवायला," मावशी म्हणाली आणि आम्हाला पुढं घालून स्वयंपाकघरात घेऊन आली.

नाना चार पानं मांडून उभे होते. आम्हाला दारात बघून त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू आलं. बायकोनं माझा दंड घट्ट धरला.

"भाऊजी, बसा जरा," मावशी म्हणाली. "मी या पोरांना एक कोडं सोडवून दाखवते. कुठं चुकलं तर सांगा."

नाना नवलानं बसले.

"या घरात दोन यंत्रं एकाच क्षणी मरतात," मावशी म्हणाली. "एक सूनबाईचा कॉम्प्युटर आणि एक माझं घड्याळ. ते घड्याळ वीज गेली की सगळं विसरतं आणि वीज आली की बारापासून पुन्हा मोजायला लागतं. आता एक आजारी पडलं तर समजू शकतो. पण दोन्ही एकाच वेळी आडवी होत असतील तर दुखणं त्यांचं नाही. दुखणं त्यांच्या मागं, भिंतीत आहे. घरातली वीज जात नाही, पंखा फिरतो. म्हणजे जातो तो फक्त त्या एका बोर्डाचा पुरवठा, तोही क्षणभर. खोलीतल्या बटणाला तर कुणी हात लावत नाही. मग उरतं काय?"

"दुसरं बटण," मी म्हणालो.

"शाबास. आता वेळ बघ. साडेबारा, एक, पावणेदोन. ठरलेली नाही असं सूनबाई म्हणाली. ठरलेली आहे. रोज जेवण तयार होतं तीच ती वेळ. ज्या दिवशी या चुलीवर स्वयंपाक झाला नाही, त्या दिवशी कॉम्प्युटरही बंद पडला नाही. म्हणून मी दुरुस्तीवाल्याचं जेवण विचारत होते, आणि हा बाळ्या मला म्हातारचळ लागला असं समजून बघत होता. बरं, हे आजचं आहे का? नाही! तीस वर्षांपूर्वीसुद्धा माझं घड्याळ दुपारनंतर मागं पडायचं. म्हणजे तेव्हाही कुणीतरी रोज जेवायच्या वेळी त्या खोलीची वीज मिचकावत होतं. आणि त्या खोलीत तेव्हा कोण बसायचं?"

मावशी उठली. चुलीशेजारच्या फळीवर डबे होते. या भिंतीच्या पलीकडे आईची खोली. तिनं चहाचा डबा उचलला. मागं भिंतीत एक जुनं काळं, गोल बटण होतं. बोटांच्या घासण्यानं त्याचं टोक गुळगुळीत होऊन चमकत होतं.

मी या घरात जन्मलो, वाढलो. ते बटण मी पहिल्यांदा पाहत होतो.

"भाऊजी, हे कशाचं?"

नानांनी हातातला डाव खाली ठेवला. चोरी पकडलेल्या मुलासारखे ते ओशाळले.

"ते होय," ते म्हणाले. "त्याला आता काही जोडलेलं नाही. तुझ्या बहिणीसाठी बसवलं होतं. शिवायला बसली की तिला ऐकूच जायचं नाही, आणि मला ओरडता येत नाही. थिएटरात मध्यंतर संपलं की आम्ही बाहेरचे दिवे दोनदा मिचकावतो. लोक आपोआप आत येतात, कुणाला हाक मारावी लागत नाही. म्हटलं, हिलाही तसंच बोलवावं. दोनदा दाबायचं. तिच्या मशीनचा दिवा डोळा मारायचा आणि ती उठायची. मुलांना सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. तिला ती गंमत वाटायची."

"चला, मशीनला भूक लागली," माझ्या तोंडून निघालं.

"हो, तसं म्हणायची." नाना हसले, मग थांबले. "आता मशीन गॅलरीत आहे. बटण रिकामं. पण स्वयंपाक झाला की हात जातो. तेवढंच बोलावल्यासारखं होतं."

"नाना," बायको हळूच म्हणाली, "माझा कॉम्प्युटर आईंच्याच बोर्डावर आहे."

नाना तिच्याकडे बघत राहिले. चाळीस वर्षं दिव्यांत घालवलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागलं नाही.

"मी नवा बोर्ड बसवायला सांगितलं होतं," ते कसेबसे म्हणाले. "मला वाटलं बसवलात. म्हणजे ते सगळं... तो पेट्या उघडून बसलेला माणूस... तुझे नकाशे..."

"दोनदा मिचकावलं की कॉम्प्युटर पहिल्याच वेळी जातो," मावशी म्हणाली. "आणि वीज आयुष्यभर हाताळलेला माणूस या घरात बसलेला असताना, तुम्ही दोघं त्यांना सोडून साऱ्या गावाला विचारत सुटलात."

मी मान खाली घातली. बायकोनं मात्र एक प्रश्न विचारलाच. तो तिच्या मनात दोन महिने रुतून बसला होता.

"मग नाना, मी बाहेर आले की तुम्ही हसायचात, ते का?"

नानांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

"ती गेल्यावर मी रोज दाबत होतो," ते म्हणाले. "कुणी येणार नाही हे माहीत होतं. मग तू त्या खोलीत बसायला लागलीस. मी बटण दाबलं आणि ते दार उघडलं. मला वाटलं, योगायोग असेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं. रोज उघडायला लागलं. तू रागात असायचीस, ते मला कळायचं, कामाचा ताण असेल असं वाटायचं. पण मी बोलावलं आणि त्या दारातून कुणीतरी आलं, याचाच मला इतका आनंद व्हायचा, पोरी, की हसू आवरायचं नाही."

बायको उठली आणि तोंडाला पदर लावून मोरीपाशी गेली. मला तर सरळ रडू आलं. मावशीनं सगळ्यांची पानं वाढली, कारण दुसरं कुणी वाढण्याच्या अवस्थेत नव्हतं.

७

संध्याकाळी नाना हत्यारांची पेटी घेऊन आईच्या खोलीत शिरले. तीन वर्षांत पहिल्यांदा. उंबऱ्यावर क्षणभर थांबले, मग जुन्या सवयीनं चप्पल बाहेर काढून आत गेले. कॉम्प्युटरसाठी त्यांनी समोरच्या भिंतीवर स्वतंत्र बोर्ड बसवला आणि यूपीएसला नवी बॅटरी आणायला मला पिटाळलं. बायको रात्री उशिरापर्यंत बसली. नदी समुद्राला मिळाली आणि शुक्रवारी नकाशे वेळेवर गेले. संपादकबाई पुन्हा नेहमीसारख्या खेकसून बोलायला लागल्या, तेव्हा आमचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या आठवड्यात नाना ते काळं बटण काढायला निघाले. पक्कड हातात, स्टुलावर एक पाय. "आता त्याचं काम नाही," म्हणाले. बायकोनं त्यांना खाली उतरवलं. तिनं काय केलं होतं ते आम्हाला दुपारी समजलं.

त्या दुपारी मी तिच्या खोलीत पेपर वाचत होतो. ती एका बेटाचा किनारा काढण्यात गढली होती. मी दोनदा काहीतरी विचारलं, तिनं ऐकलं नाही. आणि टेबलाच्या कोपऱ्यात, जुन्या बोर्डाशी, दिवा मिचकला. एकदा, दोनदा. आईच्या मशीनचा इवलासा दिवा तिनं गॅलरीतून काढून आणला होता आणि आपल्या पडद्याशेजारी बसवला होता.

तिनं नकाशा साठवायला लावला, खुर्ची मागं सारली आणि दार उघडलं.

स्वयंपाकघरात नाना पाठमोरे उभे होते. बोट अजून बटणावर होतं. येणार की नाही, या विचारात असावेत.

"चला नाना," ती म्हणाली, "मशीनला भूक लागली."

नानांनी चहाचा डबा सावकाश जागेवर ठेवला आणि मग वळून म्हणाले, "ये. निवतंय."

मावशीचं घड्याळ पुन्हा तास-दीड तास मागं पडतं. आम्ही ते लावत नाही.